शिरीषचा पांढरा पट्टा

गिटारच्या सोलोवर अंगावर काटा येतो म्हणणारे निम्मे लोक खोटं बोलतात, असं शिरीष कर्णिक वर्षानुवर्षं म्हणायचा. आता त्यासाठी एक पट्टाच निघाला होता; तो मनगटाला बांधला की खरंखोटं लगेच कळायचं. अंगावर खराच काटा आला तर काट्याच्या जोरानुसार पट्टा गुलाबी किंवा लाल व्हायचा, नाहीतर पांढराच राहायचा.

रविवारी वसईला मेल्विन परेराच्या घरी चार जुने कॉलेजमित्र पट्टे बांधून बसले. हेंड्रिक्सच्या गिटारला दोघांचे पट्टे गुलाबी झाले, गिलमोरच्या गिटारला एकाचा. शिरीषचा पांढराच राहिला आणि त्याला त्याचाही माज होता.

"तुम्हाला लिफ्टमधल्या संगीतावरही काटा येईल," तो म्हणाला.

शेवटी मेल्विनने एक जुनी कॅसेट लावली. खरखरीतून गिटार ऐकू येऊ लागली. सूर मध्येच घसरत होते.

"हा कोण हमाल?" शिरीष म्हणाला. "तार ओढतोय की पोतं?"

कोणी हसलं नाही. सगळे त्याच्या मनगटाकडे बघत होते. पट्टा लालभडक झाला होता.

"मीच आहे," मेल्विन म्हणाला. "कॉलेजचं गॅदरिंग. स्टेजवरून उतरलो तेव्हाही तू हमालच म्हणाला होतास. त्यानंतर मी गिटारला हात लावला नाही."

"पट्टा बिघडलाय," शिरीष म्हणाला.

"मग माझा बांधून बघ." मेल्विनने स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवलं. तिथला पट्टा अजून पांढराच होता. तो सोडून त्याने पुढे केला.

शिरीषने हात मागे घेतला.