मालकांची सोनेरी मासोळी

मासोळी पुन्हा कलंडली आणि पुंजारामने कपाळाला हात लावला.

सकाळी पाणी बदललं तेव्हा ती चांगली गिरक्या घेत होती. दुपार व्हायच्या आत काचेच्या हंड्यात एका कुशीवर पडून नुसतं तोंड उघडझाप करायला लागली. आठ दिवस काही झालं नाही, आणि मालक अमरावतीहून परत यायच्या दिवशीच हिला ही अवदसा आठवली.

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, त्यामुळे दोन वर्षं वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याच्या खुशालरावांकडे पैसा आला तसे शौकही आले. आधी बैलांची शिंगं चांदीने मढली, मग मुंबईच्या कोण्या व्यापाऱ्याकडून ही सोनेरी मासोळी आली. मोर्णा नदीत टोपली बुडवली तर दहा मासोळ्या मिळतील. पण हिला मालकांच्या पिण्याच्या रांजणाशेजारी चौरंगावर बसवायचं, आणि वांगी-मेथीत जन्म गेलेल्या माळ्याने हिची सेवा करायची, हे पुंजारामच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

जाताना खुशालरावांनी बजावलं होतं, "रोज जुनं पाणी काढून माह्या रांजणातलं भरजो. अन् तिले काही झालं, तं मळ्यात पाय ठेवाचा नाही."

विहिरीकाठचा तो मळा पुंजारामच्या बापाने दगड वेचून वेचून लागवडीला आणला होता. जमीन मालकांची, घाम यांचा. आता तो मळा बोटभर मासोळीपायी जायची वेळ आली होती.

"दीठ लागली तिले," त्याची बायको मैनाबाई म्हणाली. तिने हंड्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. साऱ्या घरात ठसका उठला. मासोळी होती तशीच.

"आता पाह्यजा तुमी," मैनाबाई डोळे पुसत म्हणाली.

"काय पाहू? मले तं धुरानं मासोईच दिसून नाही राहिली."

तेवढ्यात जानराव आला. तो गुरांचा वैद्य. त्याला बोलावलं कोणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने हंड्याभोवती एक फेरी मारली, काचेला नाक लावलं आणि विचारलं, "चाराबिरा खाते का?"

"मासोई हाये ते, जानराव."

"असन. पोट फुगलं तिचं. नळीनं तेल-ओवा पाजा लागते."

बैलाला औषध पाजायची त्याची बांबूची नळी मनगटाएवढी जाड होती. पुंजारामने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा मासोळीकडे.

"नाही जमत तं डाग देऊ," जानराव म्हणाला. "इळा तापव."

पुंजारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो काहीतरी वावगं बोलणार, इतक्यात दारातून आवाज आला, "गर्दी कायची?"

मालकांचे धाकटे भाऊ केशवराव. दिवाळीला वाटणीवरून दोघा भावांचं वाजलं, तेव्हापासून एका घरात राहूनही त्यांचं बोलणं नव्हतं. केशवराव हंड्याजवळ आले आणि कितीतरी वेळ मासोळीकडे पाहत राहिले.

"कवापासून हाये असं?"

"सकायपासून जी. रांजणातलं पाणी भरलं तवा बरी होती."

केशवरावांनी मैनाबाईला आणि जानरावला बाहेर पाठवलं. "आधी हे पाणी फेकू," ते हळू आवाजात म्हणाले. "मोर्णेचं आण, वाहत्या धारेचं. नदीचा जीव तो, त्याले नदीचंच पाणी मानवन."

"पण मालकानं रांजणातलंच सांगतलं जी."

"दादाले कोन सांगते? तू सांगू नोको, मी सांगत नाही. तुहा मळा गेलेला मले पाह्यचा नाही."

पुंजारामला भरून आलं. दिवसभरात अकलेचं बोलणारा हा पहिलाच माणूस भेटला होता. केशवरावांनी मासोळी ओंजळीने वाटीत काढली आणि हंडा स्वतः उचलून उकिरड्यावर रिकामा केला. मालकाच्या घरचा माणूस नोकराचं काम करतो आहे, हे पाहून पुंजाराम ओशाळला. गावात लोक यांच्याबद्दल काय काय बोलायचे, आणि आपणही माना डोलवायचो. त्याची त्याला लाज वाटली.

नदीच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या पाण्यात मासोळीचं शेपूट हललं. दुसऱ्यात ती सरळ झाली. तिसरं पाणी घातलं आणि घटकाभरात ती हंडाभर अशी फिरायला लागली, की पुंजारामला वाटलं हिला दोन शिव्या हासडाव्यात, दिवसभर छळलं म्हणून.

दिवस कलताना खुशालरावांची बैलांची दमणी दारात थांबली. अंगावर धूळ, ओठ सुकलेले. पण ते बसले नाहीत, तडक हंड्यापाशी गेले. वाकून पाहिलं. मासोळीने झोकात वळण घेतलं.

"रांजणातलंच पाणी हाये ना?"

"हो जी," पुंजाराम म्हणाला. केशवरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते रांजणापाशी गेले, गडवा बुडवून भरला आणि थोरल्या भावापुढे धरला.

खुशालरावांनी क्षणभर भावाच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा एकदा मासोळीकडे. आणि गडवा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली आणला.

"अजून दे," ते म्हणाले. केशवरावांनी दिला. तोही संपला.

दोघे भाऊ बोलते झाले, मळा वाचला. पुंजारामचा जीव इतका हलका झाला, की एरवी ज्याची छाती झाली नसती ते तो विचारून बसला. "मालक, राग नोका धरू, पण या मासोईत एवढं हाये तरी काय?"

खुशालराव हसले. मिशा पुसत त्यांनी गादीला पाठ टेकली.

"लोकाइले वाटते शौक हाये," ते म्हणाले. "कायचा शौक, पुंजाराम. पैसा आला तसे वैरीही आले, घरचे अन् दारचे. म्हनून मी पेतो तेच पाणी आधी तिले देतो. थे जित्ती दिसली, तवाच गडवा तोंडाले लावतो."