दाराचं माप
तर झालं असं, घटस्फोटाच्या वाटणीत घर सुताराला आणि कपाट बायकोला मिळालं. पण कपाट काही केल्या घराबाहेर निघेना. निघणार कसं? लग्नाच्या पहिल्याच वर्षी पठ्ठ्यानं ते आतच बसून बनवलं होतं, दाराचं माप न घेता! तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. “आता आपण जन्मभर इथेच,” ती म्हणाली होती. आज तिचा भाऊ म्हणाला, “भावजी, करवत द्या, दोन तुकडे करू.” “खबरदार हात लावलास तर!” म्हणत सुतारानं पहार उचलली आणि स्वतःच्याच दाराची चौकट उखडली. कपाट अख्खंच्या अख्खं टेम्पोत चढलं. निघताना ती घुटमळली. “चौकट आजच बसव हं, घर उघडं पडलंय.” “बघतो,” सुतार सवयीनं बोलून गेला. दहा वर्षं हेच ऐकून तर ती निघाली होती.