कॅमेरा नसलेला माणूस

विमानतळाच्या मागच्या कुंपणाशी दुपारपासून मोठी गर्दी लोटली होती. एक अवाढव्य मालवाहू विमान पहिल्यांदाच इथे उतरणार होतं. कोणी गाडीच्या टपावर चढलं होतं, कोणी घरून शिडी आणली होती. फक्त एक गृहस्थ हात मागे बांधून नुसतेच उभे होते.

"कॅमेरा विसरलात का?" शिडीवरच्या काकांनी विचारलं.

"नाही, मी आपला बघायला आलोय."

काकांना त्यांची कीव आली. या विमानाचं नाक कसं वर उघडतं, पोटात रेल्वेचं अख्खं इंजिन कसं मावतं, हे सगळं त्यांनी हातवारे करकरून समजावलं. गृहस्थ "हो का!", "बाप रे!" म्हणत ऐकत राहिले.

तेवढ्यात ते धूड ढगांतून खाली आलं. कानठळ्या बसल्या, शिडी थरथरली आणि सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्यांना चिकटले. गृहस्थांनी मात्र दोन्ही हात उंच करून जोरजोरात हलवले.

"अहो, पायलटला काय दिसणार तुम्ही? त्याच्या लेखी आपण सगळे मुंग्या!" काका हसून हसून शिडीवरून पडायचेच बाकी होते.

विमान जाऊन जागेवर उभं राहिलं. थोड्या वेळाने गृहस्थांचा फोन वाजला. "बायकोचा आहे," ते लाजत म्हणाले, आणि गडबडीत त्यांच्याकडून स्पीकरच सुरू झाला.

 

"अहो, टोपी कुठंय तुमची? विमान उतरवताना टक्कल असं चमकलं, मला वाटलं, धावपट्टीचा दिवाच कोणी कुंपणाबाहेर नेऊन ठेवला!"