सिंहासनापुढचं गाणं

चुलीवर भगुल्याचं झाकण खडखडलं, आणि माणसांनी भरलेल्या घरातली शांतता मोडली. मार्थानं सवयीनं बाळाचं दूध तापत ठेवलं होतं. बाळ तर परवाच माजलगावला, उसाच्या फडावर, तापानं गेलं. तिनं भगुलं उतरवलं आणि ओठ घट्ट मिटून बसली. दर रविवारी चर्चमध्ये गाणं तीच सुरू करायची; आज घरातल्या प्रार्थनेलाही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. “मला न्हाई व्हायचं, पाळकसाहेब. कुठल्या तोंडानं स्तुती गाऊ?” पाळकांनी बायबलातलं शेवटचं पुस्तक उघडलं. “बाई, देवाच्या सिंहासनापुढं गाणारे सुखातले न्हाईत. मोठ्या संकटातून आलेलेच तिथं रातंदिस, न थांबता गातेत. आपलं लेकरूबी त्यांच्यातच हाय.” मार्थानं डोळे पुसले, पदर सावरला, सूर लावायला तोंड उघडलं. तेवढ्यात थोरली लेक तिच्या मांडीवर रेलली. “आई, तिथं रातंदिस गायचं, तर बाळ झोपंल कवा?”