डोळ्यांकडचा अर्धा

धाकट्याने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि थोरल्याच्या उशाशी ठेवली.

"आणलास?" थोरल्याने विचारलं. आवाज पार खोल गेला होता.

"आणला, दादा."

वहिनीने तोंड फिरवून डोळे पुसले. नऊ वर्षं या सख्ख्या भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तेही एका दगडापायी. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा शेवटी तिनेच दिराला फोन केला होता.

दोघांनाही ट्रायलोबाइटचं वेड. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी वावरणारे आणि आता दगड होऊन बसलेले हे जीव. वहिनी त्यांना सरळ किडे म्हणायची. त्यातून तऱ्हेवाईक डोळ्यांचा एखादा मिळाला की दोघांची तहानभूक हरपायची. त्या दिवशी खाणीत मिळाला तो तर लाखात एक होता. मनोऱ्यांसारखे उभे डोळे आणि प्रत्येकावर छज्ज्यासारखी पुढे आलेली कड. दगड हेरला धाकट्याने, घाव घातला थोरल्याने. दगड दुभंगला तो नेमका असा, की अंग एका अर्ध्यात राहिलं आणि डोळे दुसऱ्याला चिकटून आले.

असे अर्धे वेगळे करायचे नसतात, हे या छंदात काल पडलेल्यालाही कळतं. या शहाण्यांनी भांडून ते वाटून घेतले. एकाकडे आंधळा किडा, दुसऱ्याकडे नुसते डोळे. कुठलंही संग्रहालय दोघांनाही दारात उभं करीना.

थोरल्याने रुमाल उलगडला आणि दगड छातीशी धरला.

"फार हाताळू नकोस," धाकटा म्हणाला. "ठिसूळ झालेत ते."

"आता किती दिवस हाताळणार आहे मी?" थोरला कसाबसा हसला. "ऐक. मी आहे तोवर हे डोळे माझ्याजवळ राहू देत. माझा अर्धा तू आजच ने. मी गेलो की हाही घेऊन जा. मग दोन्ही तुझेच."

"असं काय बोलतोस रे?"

"बोलू दे. जीव त्यातच अडकलाय."

वहिनीने कपाटातून कापसात ठेवलेला दुसरा अर्धा आणून दिला. भावांनी दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले. चपखल बसले. धाकट्याचा हात सवयीने खिशातल्या भिंगाकडे गेला.

"ते घरी जाऊन बघ निवांत," थोरला म्हणाला. "आता जरा माझ्याकडे बघ."

धाकट्याने भिंग खिशातच राहू दिलं आणि भावाचा हात हातात घेतला. हात नुसता हाडांचा राहिला होता. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"भाऊजी, हे आधीच केलं असतंत," वहिनी म्हणाली, "तर माझी नऊ वर्षं तरी सुखाने गेली असती."

धाकट्याने दादाचा अर्धा कापसात गुंडाळून पिशवीत ठेवला.

धाकटा घरी आला, दार लावलं आणि कपाटाच्या तळातून डोळ्यांकडचा खरा अर्धा बाहेर काढला. भावाच्या उशाशी ठेवून आला होता ती रेझिनची नक्कल होती. बुडबुडे राहू नयेत म्हणून त्याने ती अगदी सावकाश ओतली होती आणि जीव लावून रंगवली होती. मरणाऱ्याला काय फरक पडतो, अशी त्याने वाटभर स्वतःची समजूत काढली होती, तरी रडू थांबलं नव्हतं. आता मात्र दोन्ही खरे अर्धे एका टेबलावर होते. त्याने दादाचा अर्धा दिव्याखाली धरला आणि भिंग डोळ्याला लावलं. कडेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे होते. दादाने ओतताना घाई केली होती.