काजळीखालची खूण

"असं काम करणाऱ्याच्या हाती सायकलचा पंपसुद्धा देऊ नये," टेम्पोचं इंजिन खोलून बसलेला बाबालाल मिस्त्री म्हणाला. इंजिन एकदाच खोललंय या आधीच्या मालकाच्या शब्दावर गेल्याच महिन्यात हा जुना टेम्पो घेतलेले गुरव मास्तर शेजारी उभे होते.

"व्हॉल्व्ह ज्या सिलिंडरच्या घरातला त्याच घरात बसवायचा, एवढी साधी अक्कल नाही. इकडचा तिकडे घातला की दाब सुटतो आणि काजळी धरते. पण चार पाने हातात आले की हे झाले मिस्त्री."

त्याने पहिल्या घरातला व्हॉल्व्ह रॉकेलमधून उचलून तारेच्या ब्रशने खसाखसा घासला. काजळीची खपली निघाली. खाली ठोकलेली तीन टिंबं दिसली; म्हणजे हा तिसऱ्या घरातला. मिस्त्री कुत्सित हसला आणि घासतच राहिला. टिंबांखाली बारीक चंद्रकोर उमटली.

अशी कोर सबंध तालुक्यात एकटा बाबालाल ठोकायचा, आपलं काम लोकांना ओळखू यावं म्हणून.

"कुणाचं काम, कळलं का?" मास्तरांनी विचारलं.

मिस्त्रीने कोरीवर अंगठा दाबून धरला. "आहे एक," तो म्हणाला. "स्वतःला फार शहाणा समजतो."