दोनदा आलेली नोंद

"एकच नोंद दोनदा आली आहे. एक काढून टाकू?" संगणकानं विचारलं. सगळ्या कॉलेजांचं संशोधन एकत्र जोडत बसलेल्या ग्रंथपाल वैजयंतीनं सवयीनं 'हो'वर बोट नेलं आणि ती थबकली.

पक्ष्याच्या पायातल्या कड्याचा क्रमांक एकच होता. पण एक नोंद इथल्या तळ्यावरची, जुनी. दुसरी थेट विदर्भातली, यंदाची!

तिनं लगेच प्राणिशास्त्राच्या गुंजाळसरांना फोन लावला. "सर, तुम्ही कडं घातलेलं चित्रबलाकाचं पिल्लू जिवंत आहे! विदर्भातल्या एका कॉलेजनं यंदा त्याची नोंद केलीय."

"काय सांगतेस! अगं, वादळात घरटं पडलं तेव्हाच मी आशा सोडली होती. आणखी काय लिहिलंय त्यांनी?"

शेरा वाचता वाचता ती खुर्चीतून उठलीच.

"सर, त्याच्या घरट्यात आता तीन पिल्लं आहेत. पेढे काढा, आजोबा झालात!"